परक्या घरातील मूल व त्याची खूण : शौचसवयीच्या शिक्षणाचा एक इतिहास

अथेन्सच्या प्राचीन बाजारपेठेच्या उत्खननात सापडलेल्या वस्तूंमध्ये भाजलेल्या मातीचे एक उंच आसन आहे. त्याचा काळ इ. स. पूर्वीचे सहावे शतक असा मानला जातो. वरच्या भागात लहान मूल मावेल एवढी पोकळी, समोर पाय बाहेर सोडण्यास भोक आणि खाली पोकळ बैठक अशी त्याची रचना आहे. अशाच आसनात बसून हात हालविणाऱ्या बालकाचे चित्र ग्रीक रंगीत भांड्यांवर आढळते. त्यावरून हे आसन मुलास शौचास बसविण्याचे होते, याविषयी शंका उरत नाही.

त्याच नगराने या विषयाचा दुसराही पुरावा मागे ठेवला आहे. तो मातीचा नसून शब्दांचा आहे. इ. स. पूर्व ४२३ मध्ये प्रथम रंगभूमीवर आलेल्या ॲरिस्टोफेनीसच्या ‘मेघ’ या प्रहसनात म्हातारा स्ट्रेप्सायडीझ आपल्या उद्दाम मुलास त्याच्या बाळपणाची आठवण देतो. मुलाच्या तोंडून तीन बोबडे शब्द निघत व त्या प्रत्येकाचा अर्थ बापास तत्काळ कळे, हे त्याच्या तक्रारीचे सार होय. पहिल्या शब्दावर तो पाणी देई. दुसऱ्या शब्दावर खाऊ आणी. हा दुसरा शब्द मराठी ‘मंमं’च्या अगदी शेजारचा आहे. तिसरा शब्द पूर्ण उच्चारला जाण्यापूर्वीच मुलास उचलून घराबाहेर नेई आणि हातांवर पुढे धरी. तिसऱ्या शब्दाचा आरंभ ‘कक्क’ या ध्वनींनी होतो. लॅटिनमधील तदर्थक क्रियापद, फ्रेंच बालभाषेतील ‘काका’ ही त्याच गोत्रातील रूपे होत. मराठीने त्या ध्वनींना चुलत्याचा मान दिला, ही गोष्ट वेगळी.

प्रहसनातील तक्रारीचा उत्तरार्ध असा की, म्हातारपणी बापावर तीच वेळ आली असता मुलाने त्याचा आक्रोश ऐकूनही त्यास बाहेर नेले नाही. प्रेक्षक अर्थातच हसले असतील. तथापि विनोदाच्या मुळाशी असलेले गृहीतक महत्त्वाचे आहे. मुलाने खूण करावी, जवळच्या मोठ्या माणसाने ती ओळखावी आणि मग कृती व्हावी, या क्रमाने शौचाचे शिक्षण होते, हे अथेन्सच्या सामान्य नागरिकास सांगावे लागत नव्हते. आणखी एक गोष्ट अशी की, खूण ओळखणारी व्यक्ती येथे आई नसून बाप आहे.

आसन आणि खूण या दोहोंपैकी विसाव्या शतकातील तज्ज्ञांचे लक्ष पहिल्यावर खिळून राहिले. मुलास भांड्यावर केव्हा बसवावे, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर अवघ्या काही दशकांत एका महिन्यावरून दोन वर्षांपर्यंत गेले. मूल कोणाच्या हाती आहे आणि त्या हातांना त्याची भाषा समजते काय, हा दुसरा प्रश्न मात्र त्या वादात मागे पडला. मूल आपल्या घरी वाढत असेपर्यंत याचे फारसे बिघडले नाही. दिवसाचे आठ-दहा तास ते दुसऱ्याच्या घरी राहू लागले तेव्हा या उपेक्षेची किंमत कोणास द्यावी लागली, हे पाहण्यासारखे आहे.

घड्याळाच्या युगाचा सर्वांत सोयीचा दस्तऐवज म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त शासनाच्या बालक विभागाने काढलेली ‘इन्फंट केअर’ ही पुस्तिका. हा विभाग १९१२ मध्ये स्थापन झाला व पुस्तिकेची पहिली आवृत्ती १९१४ मध्ये मेरी मिल्स वेस्ट यांनी लिहिली. तिसऱ्या महिन्यापर्यंत, शक्य तर त्याआधीच, मुलास ठराविक वेळी भांड्यावर धरण्यास आरंभ करावा, असा तिचा उपदेश होता. पुढे १९२९ च्या आवृत्तीत शिस्त अधिकच आवळली गेली. पहिल्या महिन्याच्या अखेरीस आरंभ करावा आणि सहा ते आठ महिन्यांनंतर मळलेली दुपटी धुण्याचा प्रसंगच येऊ नये, असे आश्वासन तीत दिलेले आढळते. न्यूझीलंडमध्ये १९०७ साली प्लंकेट सोसायटी स्थापन करणारे ट्रूबी किंग यांचा पंथही हाच. दूध घड्याळाने, झोप घड्याळाने, मग शौचच तेवढे मुलाच्या मर्जीने कसे सोडावे?

या कठोरपणाचा अर्थ मानसशास्त्रज्ञांनी नाना प्रकारे लावला आहे. मार्था वुल्फेन्स्टाइन यांनी १९५० च्या सुमारास या पुस्तिकेच्या निरनिराळ्या आवृत्त्यांची तुलना करून मुलाच्या स्वभावाविषयीची कल्पनाच कशी पालटत गेली, हे दाखविले. त्यांचे विवेचन मार्मिक आहे. परंतु १९२९ च्या आश्वासनातील ‘धुणे’ हा शब्द त्यांच्या सिद्धांताहून अधिक बोलका वाटतो. नळ घरात नाही, धुण्याचे यंत्र नाही, पाणी तापवावयाचे ते चुलीवर, अशा स्थितीत दोन वर्षे रोज डझनभर दुपटी उकळण्याचे श्रम ज्या स्त्रीस करावे लागत, तिला लवकर सुटका हवी होती. तज्ज्ञाने तिच्या गरजेस शास्त्राचे वस्त्र चढविले, एवढेच. पुस्तिकेच्या १९५१ च्या आवृत्तीत आरंभाचे वय दीड ते दोन वर्षांपर्यंत पुढे सरकलेले दिसते. दरम्यानच्या काळात धुण्याची यंत्रे मध्यमवर्गाच्या घरी पोहोचली होती, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

शास्त्राच्या बाजूनेही काही घडले होते. मर्टल मॅकग्रॉ यांनी १९४० मध्ये जुळ्या बालकांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. जुळ्यांपैकी एकास अगदी लहानपणापासून नियमाने भांड्यावर बसविले जाई. दुसऱ्यास तसे काही शिकविले जात नसे. पुढे योग्य वयात शिक्षण सुरू होताच दुसऱ्याने पहिल्यास लवकरच गाठले. मूत्राशयावरील ताबा मज्जासंस्थेच्या परिपक्वतेवर अवलंबून असतो, असा निष्कर्ष त्यावरून निघाला. डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे १९४६ मधील प्रसिद्ध पुस्तकही आयांना घाई न करण्याचाच सल्ला देत होते.

या वादात मूल सर्वत्र आपल्या आईजवळ आहे असे धरून चालले होते. ते गृहीतक मोडले महायुद्धाने.

सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या काही दिवसांत ब्रिटनमधील सुमारे पंधरा लक्ष लोक, त्यांत बहुसंख्य मुले आणि लहान मुलांच्या आया, मोठ्या शहरांतून खेड्यापाड्यांत हलविण्यात आले. मुले अनोळखी कुटुंबांत ठेवली गेली. काही आठवड्यांतच अंथरुणे ओली होण्याच्या तक्रारींनी वृत्तपत्रे व पार्लमेंट गाजू लागले. शहरातील गरीब आया मुलांना वळण लावीत नाहीत, असा निवाडा खेड्यातील यजमानांनी दिला. आरोग्य खात्यास अखेर यजमान गृहिणींना धुण्याचा जादा भत्ता मंजूर करावा लागला. रिचर्ड टिटमस यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या युद्धकालीन समाजनीतीच्या अधिकृत इतिहासात या प्रकरणास गंभीरपणे स्थान दिले आहे. मुले नव्या घरी स्थिरावली तशी त्यांतील पुष्कळांची ही तक्रार आपोआप निवळली. सवय नसल्यामुळे हे घडले असते तर केवळ स्थिरावल्याने ते थांबले नसते. मुलांना सवय होती. परक्या घरात ती मोडली होती. ही मुले बहुतांशी शाळेत जाण्याच्या वयाची होती, हे लक्षात घेतले म्हणजे दोन वर्षांच्या मुलाची अवस्था काय होत असेल, याची कल्पना येते.

ती अवस्था जवळून पाहिली अ‍ॅना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम यांनी. लंडनमधील हॅम्पस्टेड येथे त्यांनी चालविलेल्या युद्धकालीन शिशुगृहांत, १९४५ पर्यंत, आईबापांपासून दुरावलेली मुले राहत असत. १९४४ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी संस्थेतील मुलांची घरच्या मुलांशी तुलना केली आहे. चालणे, चढणे, स्वतः खाणे यांत संस्थेतील मूल मागे नव्हते. काही बाबतींत पुढेच होते. दुसऱ्या वर्षात ते मागे पडे ते विशेषतः दोन गोष्टींत. एक बोलणे आणि दुसरी शौचाची सवय. नाताळात आठपंधरा दिवस घरी राहून परतलेल्या मुलाच्या बोलण्यात एकदम भर पडलेली दिसे, असेही निरीक्षण त्यांनी नोंदविले.

या दोन गोष्टी एकत्र याव्यात याचे स्पष्टीकरण लेखिकांनी मनोविश्लेषणाच्या परिभाषेत दिले. आईवरील प्रेमाखातर मूल बोलते व प्रेमाखातरच स्वच्छ राहते, असा त्याचा आशय. भाषाभ्यासकास मात्र त्यात आणखी एक साधे सूत्र दिसावे. चालण्यास ऐकणारा लागत नाही. बोलण्यास लागतो, आणि शौचाची सूचना देण्यासही लागतो. ज्याचे अर्धवट उच्चार ओळखणारे माणूस दर पाळीस बदलते, त्या मुलाच्या दोन्ही विद्या एकाच कारणाने खुंटतात.

युद्धानंतर शिशुगृहे बंद होत गेली. पण नोकरी करणाऱ्या आया घरी परतल्या नाहीत. ब्रिटनमध्ये शेजारणीकडे मूल ठेवण्याची जुनी रीत वाढली व १९४८ च्या कायद्याने अशा सांभाळणाऱ्या स्त्रियांची नोंदणी स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांकडे करण्याचे ठरले. १९६८ मध्ये या कायद्याची व्याप्ती वाढविण्यात आली. डेन्मार्कने १९६४ च्या कायद्याने नगरपालिकेमार्फत घरगुती संगोपनाची व्यवस्था उभी केली. पश्चिम जर्मनीत १९७३ मध्ये ‘ब्रिगिटे’ या स्त्रियांच्या नियतकालिकाने ‘दिवसाची आई’ या कल्पनेचा हिरिरीने पुरस्कार केला. पुढील वर्षी शासनाने म्युनिकच्या बालक-युवक संशोधनसंस्थेकडे तिचा प्रायोगिक प्रकल्प सोपविला. बालवैद्यांपैकी काहींनी त्यास कडाडून विरोध केला, तरी कल्पना टिकली.

या घरगुती व्यवस्थेचे स्वरूप संस्थेहून भिन्न आहे. एक स्त्री, तिचे राहते घर, एकच न्हाणीघर किंवा शौचकूप, आणि निरनिराळ्या वयांची तीन, चार, फार तर पाच-सहा मुले. त्यांत कधी तिचे स्वतःचेही एक असते. येथे परिचारिकांच्या पाळ्या नसतात, त्यामुळे हॅम्पस्टेडमधील मुख्य दोष टळतो. मोठ्या मुलास जाताना पाहून धाकटे आपण होऊन मागे जाते. अनुकरणाची ही शाळा एकुलत्या एका मुलाच्या घरी उपलब्ध नसते. दुधानंतर, झोपेतून उठल्यावर, बाहेर निघण्यापूर्वी अशा दिवसाच्या ठराविक सांध्यांवर सर्वांनाच बसविले जाते. त्यामुळे कोणा एकावर लक्ष रोखले जात नाही. दुसऱ्या बाजूस अडचणीही खऱ्या आहेत. एक मूल भांड्यावर असताना दुसरे जिन्याकडे धावते. तिसरे भुकेने रडते. खूण क्षणभरात निसटते, आणि मग पुसणे, धुणे, कपडे बदलणे हे सारे त्याच दोन हातांनी करावयाचे असते.

याच सुमारास तज्ज्ञांच्या मताचे चक्र पूर्ण फिरले होते. टी. बेरी ब्रेझल्टन यांनी आपल्याकडे येणाऱ्या ११७० मुलांच्या दहा वर्षांतील नोंदी अभ्यासून १९६२ मध्ये ‘बालकाभिमुख’ पद्धती मांडली. मूल दीड वर्षाचे होईपर्यंत थांबावे. ते चालू लागले, साध्या सूचना समजू लागले, अनुकरण करू लागले, म्हणजे सज्जतेची ती चिन्हे पाहून हळूहळू आरंभ करावा. विरोध दिसताच माघार घ्यावी. या मुलांना दिवसाचा ताबा सरासरीने २८.५ महिन्यांच्या वयात आला. त्याआधीच्याच वर्षी, १९६१ मध्ये, वापरून टाकून देण्याचे ‘पॅम्पर्स’ हे लंगोट अमेरिकेतील पिओरिया शहरात विक्रीस आले होते. पुढे १९९८ मध्ये ब्रेझल्टन यांचे नाव व मुद्रा त्याच लंगोटांच्या मोठ्या आकाराच्या जाहिरातीत झळकली तेव्हा टीकाकारांनी या योगाकडे बोट दाखविले. हेतूविषयी शंका घेणे अन्यायाचे होईल; मूळ नोंदी त्या व्यापारापूर्वीच्या होत्या. परंतु धुण्याच्या श्रमांनी आरंभाचे वय खाली ओढले होते आणि टाकाऊ लंगोटांनी ते वर ढकलले, एवढे विधान सुरक्षितपणे करता येते.

ब्रेझल्टन यांच्या पद्धतीचा मुलांवर मोठा उपकार झाला. मार, धाक, तासन्‌तास बसवून ठेवणे यांस तिने शास्त्राच्या दारातून हाकलले. तिच्यातील उणीव मात्र परक्या घरात उघडी पडते. सज्जतेची चिन्हे कोणी पाहावयाची? पद्धतीच्या पोटात एक निरीक्षक गृहीत आहे, जो दिवसभर मुलाजवळ असतो आणि त्याच्या मुद्रेतील बदल ओळखतो. जी आई सकाळी साडेआठला मूल सोडून सायंकाळी साडेसहाला नेते, ती हा निरीक्षक नव्हे. जी सांभाळणारी बाई दहा तास मुलाजवळ असते, तिला ‘आता सुरू करा’ म्हणण्याचा अधिकार नाही. तो मुलाच्या आईचा. दोघींपैकी एकीने आरंभ केला व दुसरीने लंगोट तसाच चालू ठेवला, तर मुलास दोन घरांचे दोन नियम शिकावे लागतात. रविवारी साधलेले सोमवारी मोडते. मग आई म्हणते, तेथे लक्ष देत नाहीत. सांभाळणारी म्हणते, घरी वळण लावीत नाहीत. १९३९ मधील खेडे आणि शहर यांचा तोच खटला पुन्हा उभा राहतो.

सामुदायिक टोकाचे उदाहरण म्हणून पूर्व जर्मनीच्या शिशुगृहांचा निर्देश करावा लागतो. तेथे एका लांब बाकावर पाचसहा भांडी बसविलेली असत आणि मुले एकाच वेळी, ओळीने बसविली जात. जर्मनीच्या एकीकरणानंतर १९९९ मध्ये गुन्हेशास्त्रज्ञ ख्रिस्तियन फायफर यांनी पूर्वेकडील तरुणांच्या परकीयद्वेषाचा संबंध या सामुदायिक वळणाशी जोडला आणि मोठे वादळ उठविले. संतप्त सभा भरल्या. बाक हा एका नष्ट राज्याचा प्रतीकच बनला. एवढा मोठा निष्कर्ष एका बाकावर तोलून धरणे धाडसाचे होते, हे उघड आहे. बाकाचा खरा दोष त्याहून लहान व त्याहून निश्चित होता: सर्वांना एकाच वेळी बसविले की कोणा एकाची खूण ओळखण्याची गरजच उरत नाही.

लवकर बसविण्याने काय साधते याचे उत्तर झुरिचकडून आले. रेमो लार्गो व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील मुलांच्या दोन पिढ्यांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. पहिली पिढी १९५० च्या दशकातील. तिच्यापैकी बहुतेक सर्वांचे शिक्षण पहिल्या वर्षातच सुरू झाले होते. दुसरी पिढी १९७० च्या दशकाच्या मध्यापासून जन्मलेली. तिचा आरंभ पुष्कळ उशिरा झाला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, आरंभ आधी केल्याने वा अधिक वेळा बसविल्याने मूल स्वतःचा ताबा आधी मिळवीत नाही.

याच्या अगदी उलट दिसणारी माहिती १९७७ मध्ये मार्टेन व रेचेल डेव्रीस यांनी पूर्व आफ्रिकेच्या किनारपट्टीवरील डिगो लोकांविषयी प्रसिद्ध केली होती. डिगो आई दोन-तीन आठवड्यांच्या मुलास घेऊन जमिनीवर बसते. पाय सरळ पसरते. मूल आपल्या पायांच्या मध्ये, तोंड पलीकडे करून धरते आणि ‘शूऽस’ असा आवाज काढते. लघवी झाली की मुलाचे लाड होतात. पाच-सहा महिन्यांत मूल दिवसा व रात्री कोरडे राहू लागते. यावर आक्षेप असा घेतला गेला की, येथे मूल शिकत नसून आईच शिकते. मूल स्वतः जात नाही, त्यास नेले जाते. आक्षेप खरा आहे. पण बोलणे शिकण्याचा आरंभही असाच होतो. मुलाचे पहिले शब्द ते शब्द आहेत असे मानणारी आई आधी असावी लागते. झुरिचच्या संशोधकांनी मोजला तो एकट्या मुलाचा ताबा. डेव्रीस यांनी पाहिला तो दोघांमधील व्यवहार. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात.

डिगो मातेचे आसन व तिचा आवाज महाराष्ट्रीय वाचकास अनोळखी वाटणार नाही. आजी पाय पसरून बसते, दोन पावलांच्या खोबणीत मूल बसविते आणि ओठांतून लांब ‘शूऽऽ’ काढते, हे दृश्य अद्याप लुप्त झालेले नाही. चिनी घरांतूनही मुलास असेच धरून ‘श्यू श्यू’ अशी शीळ घालण्याची रीत आहे. मराठीत मात्र या ध्वनीने पुढचा प्रवास केला आहे आणि तो नोंद घेण्याजोगा आहे.

अशोक केळकर यांचा मराठी बालबोलीवरील निबंध ‘वर्ड’ या नियतकालिकात १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बालबोलींचा तुलनात्मक अभ्यास केला, त्यांत अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमांची व गिल्याक यांच्या जोडीस मराठी होती. नाती, प्राणी, खेळ यांबरोबरच शरीरधर्माचे शब्द हा या बालबोलींचा एक ठळक विभाग असल्याचे फर्ग्युसन यांनी दाखविले. ब्रेझल्टन यांचा निबंध याच्या दोनच वर्षे आधीचा. एकाच वयाच्या मुलाविषयी ही दोन शास्त्रे बोलत होती, पण त्यांची गाठ पडली नाही.

मराठी ‘शू’ प्रथम मोठ्या माणसाची असते. तो अर्थवाही शब्द नव्हे. ती सूचना आहे, धारेच्या आवाजाची नक्कल आहे. पुढे दुसऱ्या वर्षात केव्हातरी ‘शू’ मुलाची होते. पूर्वी मोठ्याने ध्वनी काढला की मुलाची लघवी होई. आता मुलाने ध्वनी काढला की मोठा माणूस धावतो. खुणेची मालकी बदलणे, यासच शौचाचे शिक्षण म्हणावयास हरकत नाही. ही मालकी एकदम बदलत नाही. मूल प्रथम घटना होऊन गेल्यावर ‘शू झाली’ असे सांगते. त्यावर बहुधा ‘आधी का नाही सांगितलंस?’ अशी दटावणी ऐकू येते. वस्तुतः ती प्रगतीची पायरी असते; घडलेल्या गोष्टीस मुलाने नाव दिलेले असते. यानंतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी ‘शूला झाली’, ‘शूला लागली’ किंवा ‘शू आली’ हे शब्द येतात.

‘शू झाली’ आणि ‘शूला झाली’ यांतील भेद एका प्रत्ययाचा आहे. पहिले वाक्य अपघाताची वार्ता देते, दुसरे पूर्वसूचना. हा भेद बालबोलीपुरता नाही. ‘लघवी झाली’ आणि ‘लघवीला झाली’ यांत प्रौढांच्या मराठीतही तो कायम आहे. रुग्णालयातील परिचारिकेस तो अचूक कळतो. दोन वर्षांच्या मुलाचा ‘ला’ मात्र अर्धवट, आघातहीन असतो. तो रोज ऐकणाऱ्या कानास ऐकू येतो, इतरांस नाही. प्रौढ मराठीचे या विषयातील बहुतेक शब्द कृती झाकणारे आहेत. ‘परसाकडे’, ‘बहिर्दिशेस’ यांत केवळ जागा सांगितली आहे. ‘शौच’ म्हणजे मुळात शुचिता. मुलाच्या शब्दाचे काम याच्या उलट असते. त्यास पुकारा करावयाचा असतो.

‘शी’ची गोष्ट अधिक नाजूक आहे. मुलाच्या मलाचे नाव आणि प्रौढांचा किळसेचा उद्गार ही दोन्ही एकच अक्षर आहे. आजीच्या तोंडी ‘शी करायची ना?’ हे वाक्य येते आणि मळलेले कपडे पाहून ‘शी!’ हा उद्गारही येतो. घरच्या मुलास स्वरावरून दोन्ही वेगळे ओळखता येतात व रागामागची माया ठाऊक असते. नव्या घरी पहिल्याच आठवड्यात एखाद्या त्रासलेल्या ‘शी!’ने मुलाचा शब्दच त्याच्याकडून काढून घेतला जाऊ शकतो. त्यानंतर मूल मागणे सोडते. ते कोपऱ्यात, पडद्यामागे जाऊन उभे राहते, किंवा संध्याकाळपर्यंत रोखून धरते. शौच रोखून धरण्याने मल कठीण होतो, कठीण झाल्याने वेदना होते व वेदनेच्या भयाने मूल पुन्हा रोखते, हे चक्र बालवैद्यांस चांगले परिचित आहे.

पुणे-मुंबईच्या पाळणाघरांत यात आणखी एक पदर मिसळतो. एका घरात जमलेल्या चार-पाच मुलांपैकी एक ‘शू’ म्हणते, एक हिंदीच्या वळणाने ‘सुसू’, तिसरे इंग्रजी शाळेच्या तयारीने ‘वॉशरूम’. ‘पॉटी’ हा शब्द मूळ इंग्रजीत भांड्याचा. येथे तो भांड्यातील वस्तूचाच झाला आहे. त्यामुळे ‘पॉटी दाखव’ या आज्ञेचे दोन अर्थ संभवतात. सांभाळणारी बाई कानडी वा मल्याळी असेल तर तिच्या घरचे शब्द निराळेच. मुले ही सरमिसळ आश्चर्यकारक वेगाने पचवितात आणि काही महिन्यांत प्रत्येक पाळणाघराची स्वतःची एक लहानशी बोली तयार होते. प्रश्न त्या काही महिन्यांचाच असतो. आणि नेमक्या त्याच महिन्यांत बालवाडीचा प्रवेश जवळ येतो, जेथे लंगोटातील मूल पुष्कळदा घेतले जात नाही.

या सर्व व्यवहाराकडे कायद्याने काय पाहिले, हे एका उदाहरणावरून दिसते. भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया काम करीत असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवण्याचे बंधन घातले होते. १९७६ मध्ये ही संख्या तिसांवर आणली गेली. त्या कलमात मुलांचे कपडे धुण्याची व बदलण्याची सोय असावी असे स्पष्ट शब्दांत म्हटले होते. राहत्या घरात चालणारी पाळणाघरे त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली. धुण्याची सोय हा १९२९ मधील अमेरिकन आईचा प्रश्न होता, १९३९ मधील इंग्रज यजमानिणीचाही तोच, आणि कायदा करणाऱ्यांनाही तेवढाच दिसला. घरगुती पाळणाघरात मूल घेताना दुधाची वेळ, औषधे आणि आईबापांचे दूरध्वनी क्रमांक लिहून घेतले जातात. मूल घरी कोणता शब्द वापरते, याची विचारणा क्वचितच होते. सायंकाळी आई दाराशी येते तेव्हा ओल्या चड्ड्यांची पिशवी तिच्या हाती दिली जाते. त्या दिवशी मूल काही म्हणाले होते काय, हे सांगण्याइतका वेळ दोघींपैकी कोणाजवळच नसतो.